दोरी ढिली असताना

मासा आला, थांबला, त्याने पाहिलं आणि तो वळून गेला. झालं एवढंच. पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनारच्या स्क्रीनवर पिवळसर रंगाचा एक लांबट ठिपका तळाकडून वर चढत आला, ओडेल प्रुइटच्या गळाला लावलेल्या रबरी मासोळीच्या मागे मागे बरंच अंतर चालला, दोघांमधली जागा कमी होत होत जवळजवळ उरलीच नाही, आणि मग काही घाईगडबड न करता तो बाजूला वळला आणि परत तळाशी गेला. ओडेलच्या हातातल्या काठीला यातलं काही कळलं नाही. दोरी जशी होती तशी होती, बोटांना पाण्याची नेहमीची हलकी ओढ लागत होती, आणि समोर स्क्रीन नसती तर त्याने मनाशी म्हटलं असतं की इथे मासा नाही, पुढे चला. चाळीस वर्षं तो हेच म्हणत आला होता. तळ्याच्या कितीतरी खाडीतोंडांवरून, बुडलेल्या झाडांवरून, पुलाच्या खांबांजवळून तो 'इथे काही नाही' म्हणून निघून गेला होता, आणि त्यातल्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी खालून येऊन, त्याने टाकलेलं नीट पाहून, नको म्हणून गेलं असणार. हा विचार त्याला अजिबात आवडला नाही.

"आला होता की चांगला!" डार्सी बोटीच्या पुढच्या टोकावरून म्हणाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. "दिसला ना तुम्हाला?"

"दिसला."

"तीन पौंडांचा तरी असेल. जाऊ द्या डॅडी, दुसरा येईल."

डार्सी त्याची मुलगी, आणि बोट त्याची. या दोन गोष्टींबद्दल त्याला आजवर काही शंका घ्यावी लागली नव्हती. बोट ज्याची तो पुढे उभा राहतो, पायाखालच्या पॅडलने छोटी विजेची मोटर चालवतो आणि बोट कुठे न्यायची ते ठरवतो, जोडीदार मागे. पुढच्याने गळ टाकून झाल्यावर जे पाणी उरतं ते मागच्याचं, म्हणजे उष्टं. ओडेलने तरुणपणी चिठ्ठ्या टाकून जोडीदार मिळायच्या स्पर्धांत कितीतरी जणांना दिवसदिवसभर उष्टं पाणी चाखवलं होतं आणि संध्याकाळी त्यांच्या पाठीवर थाप मारून 'नशीब तुझं' म्हटलं होतं. आज सकाळी धक्क्यावर, ट्रेलरवरून बोट पाण्यात सरकवता सरकवता डार्सी म्हणाली, "आज मी पुढे उभी राहते. आणि हे बघा, तुमच्यासाठी मागेही एक स्क्रीन बसवलीय. म्हणजे तुम्हाला कंटाळा नाही येणार." स्क्रीन नवी होती, प्लॅस्टिकची पातळ फिल्मसुद्धा अजून काढलेली नव्हती. ओडेल थँक यू म्हणाला आणि फिल्म सोलत बसला. कंटाळा हा शब्द मात्र त्याच्या डोक्यात दिवसभर राहिला, सॉक्समध्ये गेलेल्या खड्यासारखा. मासे धरताना माणसाला कंटाळा येऊ शकतो हे त्याला कधी सुचलंच नव्हतं. कंटाळा गाद्यांच्या दुकानात येतो.

तळं नेहमीचंच, चिकमॉगा. जूनचा शेवटचा शनिवार, हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटलेली, आणि हॅरिसन खाडीच्या बाजूला दोनशेएक बोटी पांगलेल्या. जोड्यांच्या स्पर्धेचा हा हंगामातला शेवटचा दिवस. पाच बास मासे जिवंत आणायचे, काट्यावर तोलायचे, परत पाण्यात सोडायचे. वर्षभराच्या गुणांवर पहिल्या पंचवीस जोड्या शरद ऋतूतल्या अंतिम फेरीत जाणार होत्या, आणि प्रुइट बापलेक होते सव्विसावे. पण ओडेलला त्या आकड्याचं फारसं काही नव्हतं. त्याला हवं होतं ते वेगळं, आणि ते तो कोणाला सांगायला गेला नसता. काट्यावर जोडीचं नाव पुकारतात तेव्हा लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणायचा, "प्रुइट आणि प्रुइट!" डार्सीचं कॉलेज संपल्यापासून तीन वर्षं तो हे ऐकत होता, आणि दर वेळी त्याच्या छातीत काहीतरी जागेवर बसायचं. बायको सोडून गेलेल्या घरात, रेडिओ लावूनही शांत राहणाऱ्या स्वयंपाकघरात, तो कधीकधी कॉफी ओतताना हे दोन शब्द मनात म्हणून बघत असे. पुढच्या वर्षीच्या जोड्यांची नावंही आजच, काट्यापाशीच द्यायची होती. एकदा दिली की वर्षभर बदलता येत नाहीत. त्याबद्दल ओडेलने विचार केला नव्हता. प्रुइट आणि प्रुइट. त्यात विचार काय करायचा?

पुन्हा एक आला. हा लहान होता, उत्साही, सरळ धावत आला आणि धावतच परत गेला. ओडेल बघत राहिला. ब्रेनर्ड रस्त्यावरच्या त्याच्या गाद्यांच्या दुकानात माणसं आडवी होतात, छताकडे बघतात, नवराबायको एकमेकांकडे न बघता 'हं' म्हणतात, आणि मग उठून 'जरा आणखी दोन ठिकाणी बघतो' म्हणून जातात. तिथे ओडेलला सगळं आधीच कळतं. जो बूट काढत नाही तो गादी घेत नाही. जी बाई उशीला हात लावून किंमत विचारते ती परत येते. इतकी वर्षं माणसांचं जाणं त्याला दारातूनच ओळखू येत होतं आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. मग या मुक्या जनावराने पाठ फिरवली तर एवढं का लागावं, हे त्याला समजेना. कदाचित दुकानात त्याचं स्वतःचं काही मांडलेलं नसतं म्हणून असेल. ही मासोळी मात्र त्याने स्वतः निवडली होती, तिच्या शेपटीला नखाने बारीक खाच पाडली होती, ती त्याच्या हाताच्या मर्जीने नाचत होती.

हाताचं सगळं त्याच्या बापाने शिकवलेलं. म्हातारा प्रुइट कमी बोलायचा. गढूळ पाण्यावर, लाकडी होडीत, तो दोरी अंगठा आणि पहिल्या बोटामध्ये धरायला लावायचा आणि म्हणायचा, "डोळे मीट." ओडेल डोळे मिटायचा. खाली खडा लागला की वेगळं कळायचं, फांदी लागली की वेगळं, आणि मासा लागला की टक्, दार कोणीतरी एका बोटाने वाजवल्यासारखं. "तोवर थांबायचं," बाप म्हणायचा. "तो सांगतो. त्याने सांगितल्याशिवाय ओढलंस तर तू घाबरट." ओडेल घाबरट नव्हता. तो थांबायला शिकला, आणि या तळ्यावर एक वेळ अशी होती की ओडेल प्रुइटच्या हाताबद्दल माणसं बोलायची. त्याला थेंबभर पाण्यातली हालचाल कळते, असलं काहीबाही. त्याने ते कधी नाकारलं नाही.

पुढे डार्सीने काठी उचलली. ती आधी गळ टाकतच नाही. मान खाली, टोपीचा पुढा स्क्रीनवर, डाव्या पायाने मोटर किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, आणि दहा-दहा मिनिटं नुसती बघत राहते. मग एकच फेक. आताही तिने एकच फेकली, मनाशी पुटपुटली, "ये... ये... ये की शहाण्या," आणि पुढच्या क्षणाला काठी वाकली. ओडेल जाळी घेऊन धावला. मासा चांगला होता. बोटीतल्या पाण्याच्या हौदात टाकताना तो चौथा झाला, चारही डार्सीचे.

"एक अजून," ती म्हणाली. "एक जरी बरा लागला ना, तर पंचवीसात जातो आपण."

"जाऊ की."

"तुम्ही बिस्किट खाल्लंत का? सॉसेजचं ठेवलं होतं तुमच्यासाठी."

"खाल्लं."

"खोटं बोलताय. पिशवी तशीच आहे." सॉसेज घातलेल्या त्या पावासारख्या जाड बिस्किटाला त्याने खरंच हात लावला नव्हता.

तिची वाकलेली मान त्याला मागून दिसत होती. आता सगळी तरुण पोरं अशीच उभी असतात. गळांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर त्याच्या वयाची मंडळी यावरून रोज तोंडसुख घेतात. हॉइट नावाचा त्याचा जुना दोस्त म्हणाला होता, "हे मासे धरणं नाही लेको, ही सोनोग्राफी आहे. उद्या स्क्रीन सांगेल, अभिनंदन, मुलगी आहे." सगळे पोट धरून हसले, ओडेलही हसला. पण आज तो विनोद आठवला तेव्हा त्याला हसू आलं नाही, कारण त्याला ती खरीखुरी खोली आठवली. काळोखी खोली, टेबलावर त्याची बायको रोंडा, तिच्या पोटावर ते थंड जेल, आणि कोपऱ्यात असलीच एक करडी स्क्रीन. टेक्निशियन बाई बोट ठेवून म्हणत होती, हे डोकं, हा पाठीचा कणा, दिसतंय? ओडेलला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पाऊस पडत असलेल्या टीव्हीसारखं काहीतरी होतं. रोंडा रडत होती, म्हणजे तिला दिसत होतं. तो म्हणाला, "हो, दिसतंय." नंतर गाडीत रोंडाने विचारलं, "खरंच दिसलं तुला?" आणि तो पुन्हा म्हणाला, "हो." तोच ठिपका आता पुढे उभा होता, पंचवीस वर्षांचा, उन्हाने मानेवर लालबुंद झालेला, आणि बापाने बिस्किट खाल्लं की नाही ते न बघता ओळखत होता.

सकाळी धक्क्यावर पेटन भेटली होती. पेटन हॉलिफील्ड, डार्सीच्या कॉलेजच्या संघातली, धिप्पाड, हसरी मुलगी. नेहमी दोन्ही हातांनी त्याचा हात दाबायची. आज लांबूनच म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस्टर ओडेल," आणि लगेच बोटीच्या दोऱ्या सोडायला लागली, त्या आधीच सुटलेल्या असूनही. तिचा स्पर्धेतला जोडीदार नोकरीसाठी टेक्सासला चाललाय असं कोणीतरी बोललं होतं. मागच्या आठवड्यात डार्सीने जेवताना विचारलं होतं, तुमचा खांदा कसा आहे हल्ली? आणि त्याआधी कधीतरी, पुढच्या वर्षी दुकानाला शनिवार-रविवारी माणूस कमी पडेल का हो? ओडेलने दोन्हीची नीट उत्तरं दिली होती. खांदा ठीक आहे. माणूस मिळेल. प्रश्न आले, उत्तरं गेली, आणि वाटाण्याच्या वाटीतून त्याने आणखी वाटाणे घेतले. यातलं काहीही त्याला त्या वेळी काही वाटलं नव्हतं.

परतायची वेळ जवळ आली तेव्हा डार्सीच्या रिळात गुंता झाला. फेकताना वारा आडवा आला आणि दोरीचं झालं पक्ष्याचं घरटं. ती शिव्या घालत नखांनी सोडवायला लागली, आणि एकदम थांबली.

"डॅडी. डॅडी, बघा. मोठा आहे."

त्याने आपल्या स्क्रीनवर पाहिलं. मोठा होता. तळापासून वर, एकटा, जागच्या जागी टांगल्यासारखा.

"टाका. नाकासमोर, थोडं उजवीकडे, चाळीस फुटांवर. टाका ना!"

त्याने टाकली. हात अजून चांगला होता, ते कोणी नाकारलं नसतं. मासोळी जिथे सांगितली तिथे, आवाज न करता पाण्यात गेली, आणि स्क्रीनवर पांढरं टिंब उतरायला लागलं. त्या मोठ्या माशाने मासोळीकडे तोंड वळवलं. तो वर येऊ लागला. ओडेलने श्वास धरला, दोरी अंगठ्यात आणि बोटात घेतली आणि हलक्या हाताने मासोळी आपल्याकडे आणू लागला. ठिपका मागे. जवळ. आणखी जवळ. हा वळणार नाही, त्याला वाटलं, हा नाही वळणार, आणि त्याला एकाएकी फार आनंद झाला. ठिपका आणि टिंब एक झाले. आता स्क्रीनवर एकच काहीतरी होतं, आणि ते बोटीकडे, त्याच्याकडे येत होतं.

"घेतली! ओढा!"

तो थांबला होता. बोटांत काही नव्हतं. टक् नाही, ओढ नाही, काही नाही. दोरी उलट ढिली पडली होती.

"डॅडी, घेतलीय त्याने! ओढा ना, ओढा!"

"लागला नाही अजून," तो म्हणाला. "हाताला काही—"

"तो तुमच्याकडे येतोय म्हणून! ढिली आहे म्हणून नाही कळत! ओढा!"

त्याने ओढली. एकाचे दोन झाले होते. पांढरं टिंब वर उसळलं आणि ठिपका रेंगाळत, तळाकडे निघून गेला. मासोळी हातात आली तेव्हा तिच्या शेपटीवर खरखरीत दातांचे ओरखडे होते, ताजे. ओडेल त्यांवरून अंगठा फिरवत राहिला. डार्सीने गुंत्याची दोरी दातांनी तोडली, काठी खाली ठेवली आणि घड्याळ पाहिलं.

"चला," ती म्हणाली. "उशीर झाला तर आहे तेही वजन कापतील."

ती पुढून मागे आली आणि इंजिनापाशी बसली. चावीही आता तिच्याकडेच होती. बोटीने नाक वर केलं आणि मग पाणी, वारा, आवाज. बोलण्यासारखं काही राहिलं नाही, याचं ओडेलला बरं वाटलं. म्हणजे इतक्या वर्षांत वळून गेलेले मासेच नव्हते फक्त. घेतलेलेही होते. तोंडात धरून, त्याच्याच दिशेने येत असलेले, आणि तो डोळे मिटून टक् व्हायची वाट बघत उभा. रोंडा जायच्या दिवशी म्हणाली होती, "मी दोन वर्षं सांगतेय ओडेल." तिने ओरडून नाही, ओट्यावरचा एकच डाग पुसत पुसत सांगितलं होतं. आणि तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला होता, "मला काही कळलंच नाही." त्याला खरंच कळलं नव्हतं. त्यावर ती हसली होती, आणि त्या हसण्याचा त्याने नंतर बराच विचार केला होता. त्यात राग का नव्हता, हे त्याला सुटलं नव्हतं. ती आधी दूर जात नव्हती, त्याच्याच दिशेने येत होती, एवढी साधी गोष्ट असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आता वाटलं, आणि बोटीच्या खडखडाटात त्याला रडू येईल की काय अशी भीती वाटली. पण आलं नाही. डोळ्यांना वारा लागत होता, तेवढं निमित्त पुरेसं होतं.

पुलाच्या अलीकडे वेग कमी करायची पाटी लागली. डार्सीने इंजिन मंद केलं, बोटीने नाक खाली टेकवलं आणि सगळीकडे एकदम शांत झालं. काठावरच्या झाडांत रातकिडे भर दुपारी ओरडत होते. लांबून लाउडस्पीकर ऐकू येत होता, नावं कळत नव्हती. डार्सीने टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, टोपी पुन्हा घातली.

"यंदा ऊन जरा जास्तच आहे, नाही?" ती म्हणाली.

ओडेलने तिच्याकडे पाहिलं. वाक्यात काही नव्हतं. ती पुलाकडे बघत होती, आणि तिचा अंगठा स्टिअरिंगवरच्या एकाच जागी, काही लागलेलं नसताना, घासत होता.

"पेटनला हो म्हणून टाक," तो म्हणाला.

"काय?"

"पुढच्या वर्षीचं. नावं द्यायचीत ना आता. तुझं आणि पेटनचं दे."

इंजिन फुटफुटत राहिलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही."

"पेटन बोलली?"

"ती बिचारी सकाळी सुटलेल्या दोऱ्या सोडत होती."

डार्सी हसली, आणि हसता हसता मनगटाने नाक पुसलं. "मी काही ठरवलं नव्हतं, डॅडी. तुम्हाला विचारणारच होते. म्हणजे, तुमचा खांदा..."

"खांद्याला काय धाड भरलीय? खांदा उत्तम आहे."

"मग तुम्ही काय कराल?"

"गाद्या विकीन. शनिवारी गिऱ्हाईक बरं असतं. आणि तसंही, मागे उभं राहायचं म्हणजे उष्टं पाणी. मला कुठे सवय आहे?"

हे म्हणून त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याने एवढीशी जागा ठेवली होती, फार नाही, एका श्वासाची, आणि कशासाठी ठेवली ते त्याला पक्कं ठाऊक होतं. 'नाही डॅडी' तिच्या चेहऱ्यावर आलं. त्याला ते येताना दिसलं. डोळ्यांत आलं, गालावर आलं, अगदी ओठांपर्यंत आलं. आणि वळून गेलं. मग तिचे खांदे खाली आले, सकाळपासून वर धरून ठेवलेले, आणि तिने मोठा श्वास सोडला. ओडेल हे सगळं पाहत होता. त्याला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं.

"बिस्किट दे ते," तो म्हणाला.

तिने पिशवी दिली. पुलाखालच्या सावलीत त्याने थंडगार सॉसेजचं बिस्किट सगळं खाल्लं, आणि तुकडे हातावरून पाण्यात झटकले. धक्क्यावर रांग मोठी होती. चार मासे पाण्याच्या पिशवीत घालून ते उन्हात सरकत राहिले. पुढे पेटन उभी होती. तिने एकदा मागे पाहिलं, डार्सीने मान हलवली, आणि पेटनने ओडेलकडे पाहिलं तेव्हा त्याने टोपीला हात लावला.

"प्रुइट आणि प्रुइट!" लाउडस्पीकर म्हणाला.

डार्सीने पिशवीला हात घातला. "मी घेते, जड आहे."

"असू दे," ओडेल म्हणाला, आणि त्याने ती एकट्याने उचलली. पाणी गळून बुटांत जात होतं. आत चार मासे एकमेकांवर हलत होते, आणि प्रत्येक वेगळा, हाताला नीट कळत होता.